चौथा पिंजरा

उंदरांना औषध पाजणं हे काही शौर्याचं काम नाही, पण मी ते शौर्यानंच सांगायचो. एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या तापीकाठी शेताच्या बांधावर मामेजवा उगवतो. वीतभर उंचीची, जहरासारखी कडू वनस्पती. नाव गुजरातीतलं, पण आमच्याकडे तेच चालतं. शुगरवाल्यानं त्याचा काढा प्यावा, असं गावात कुणीही सांगेल. मला ते प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखवायचं होतं.

त्यासाठी लागणारा मामेजवा मायनं गोळा केला. तिला स्वतःलाच कित्येक वर्षांपासून शुगर होती. पाऊस सरल्यावर महिनाभर ती बांधाबांधानं हिंडली, मुळांची माती झटकून जुड्या बांधल्या, सावलीत वाळवून दोन पोती भरली. मी फक्त पोती शहाद्याच्या बसवर चढवली. तेव्हापासून आमच्या कॉलेजातले उंदीर तिचे झाले. शनिवारी घरी गेलो की मी चपला काढायच्या आत विचारायची, "मन्हा उंदरं काय म्हनतस?"

मग मी ओट्यावर बसून प्रवचन द्यायचो. पिंजरे चार. पहिल्यातले उंदीर निरोगी. बाकी तिन्हींतल्यांना इंजेक्शन देऊन शुगर लावलेली. दुसऱ्या पिंजऱ्याला काहीच द्यायचं नाही, तिसऱ्याला डॉक्टर देतात ती गोळी, चौथ्याला मामेजव्याचा अर्क. चौथ्याला गोळी अजिबात नाही, नाहीतर गुण कशानं आला ते कळायचं नाही. आणि रक्त तपासायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांचं खाणं काढून घ्यायचं. सातवी शिकलेली माय हे माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आधी समजली. आप्पा, म्हणजे माझे वडील, बाजेवरून टोमणा मारायचे, "लोके उंदरं मारतस, हाऊ त्यास्ना इलाज करी ऱ्हायना."

तिसऱ्या आठवड्यात चौथ्या पिंजऱ्याची शुगर उतरली. शेपटीच्या टोकाचा थेंब पट्टीवर घेतला आणि आकडा पाहून मी तिथंच दोनदा टाळी वाजवली. घरी गेल्यावर पहिलं तेच सांगितलं.

जे सांगितलं नाही ते असं. चौथ्या पिंजऱ्यातले उंदीर खात नव्हते. अर्काच्या कडूपणानं म्हणा, आणखी कशानं म्हणा, त्यांचं खाणं निम्म्यावर आलं होतं आणि पाठीचे मणके हाताला लागायला लागले होते. उरलेलं खाणं रोज तोलून लिहायचं, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं होतं. मी आठवडाभर लिहिलं, मग सोडून दिलं. पोटात अन्नच नसेल तर शुगर उतरायला मामेजवा कशाला हवा? हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच मी तराजू बाजूला ठेवला.

माय काढा प्यायला लागली आहे, हे मला माहीत होतं. त्यात वावगं काय, सगळं गाव पितं. रविवारी सकाळी मी कॉलेजचं मशीन घेऊन तिची शुगर बघायचो. दर रविवारी आकडा खाली. ती बारीक होत चालली होती, पण भाकरी अर्धीच जाते म्हणाली, तेव्हा मी "बरंच आहे की" म्हणालो. इतका मी हुशार.

मग एका रविवारी पट्ट्या शोधताना तिचा औषधांचा डबा उघडला. दोन महिन्यांच्या गोळ्या होत्या तशाच होत्या. मी विचारलं, तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, "मी चौथा पिंजरामा शे ना, भाऊ. दोन्ही संगे लिसू तं तुले कसं समजी, कशाना गुन ऊना?"

शनिवारी आम्हाला जेवू घालून ती स्वतः संध्याकाळची भाकरही खात नव्हती. उंदरांचं खाणं काढतात, मग आपलंही काढायचं. माझे रविवारचे सगळे सुंदर आकडे त्या उपाशी रात्रींचे होते.

मी तिथंच तिला गोळी हातावर द्यायला हवी होती. पाणी आणून समोर गिळायला लावायला हवी होती. पण माणसावरही गुण येतोय, असं कुठंतरी मनात आलं, आणि ते मला गोड वाटलं. मी म्हणालो, "बरं, अजून पंधरा दिवस बघू."

पंधराचे चाळीस झाले. केळीच्या बागेत तिच्या पायाच्या अंगठ्यात कसलीशी काडी घुसली होती, शुगरनं पाय बधिर झालेला, त्यामुळे ती तिला कळलीसुद्धा नाही. कळलं तेव्हा पदराच्या चिंधीनं बांधून ती कामाला लागली आणि मला काही बोलली नाही. वास आला तेव्हा आप्पांनी चिंधी सोडली. अंगठा काळा पडला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे जुने कागद पाहिले आणि विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?" आप्पा माझ्याकडे बघायला लागले. शिकलेला मीच होतो. मी तोंड उघडलं, एवढं मला आठवतं. तेवढ्यात माय खाटेवरून म्हणाली, "मीच बंद करी दिन्यात. पोऱ्या तं मना करे."

डॉक्टर तिला रागावले. बराच वेळ रागावले, आणि ते बरोबरच होतं. ती मान हलवत राहिली. मी खाटेच्या पायथ्याशी तिची फाईल धरून उभा होतो. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं.

माझा प्रबंध मंजूर झाला. खाण्याच्या वजनाचा तक्ता त्यात नाही आणि तो कुणी मागितलाही नाही. आता मी पुरुषोत्तमनगरच्या पुढच्या एका कॉलेजात हेच शिकवतो. उरलेलं खाणं तोललं नाही तर पोरांवर असा खेकसतो की ती घाबरतात. त्यांना वाटतं, सर कामाच्या बाबतीत कडक आहेत.

माय आता गोळ्या वेळेवर घेते. आप्पांचा राग मात्र अजून गेलेला नाही. ती लंगडत ताट घेऊन आली की त्यांचं ठरलेलं असतं, "गोळ्या बंद करी बसनी, कोन्हाले इचारं बी नही." ती माझ्याकडे बघतही नाही, माझ्या ताटात भाकरी वाढते. मी ती खातो.