चौदा पायऱ्या, एक सिलिंडर

व्हर्ना हिएताला फोनवर नुसता श्वास ऐकून माणूस ओळखायची. ही थाप नव्हे. रूडी ट्रेव्हॅरोने हे वीस वर्षं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. फोन वाजला की पलीकडचा माणूस नाव सांगायच्या आत ही म्हणायची, "काय ऑस्कर, नळी परत कुत्र्याने चावली ना?" आणि खरोखरच ऑस्कर असायचा, आणि खरोखरच कुत्र्याने चावलेली असायची.

दोघं जिथे काम करायची, ती सुपीरियर सरोवराच्या काठची कंपनी घरोघरी ऑक्सिजन पुरवते. सहाशे चाळीस माणसं, त्यातली निम्मी अशा रस्त्यांवर जिथे बर्फ काढणारी गाडी सगळ्यात शेवटी पोचते. व्हर्ना फोनवर आणि रूडी ट्रकवर, अशी दोघांची वाटणी. तिने सांगायचं आणि त्याने पोचवायचं. कुणाला किती हवा लागते, कुणाकडे किती सिलिंडर, कुणाचं दार कोणत्या बाजूने उघडतं, सगळं तिच्या डोक्यात आणि एका फाटक्या निळ्या वहीत असायचं.

मग मालक कार्ल नॉर्डीनने धंदा सांभाळणारं मोठं सॉफ्टवेअर घेतलं. त्यावर हवी तशी कामं बसवता येतात, म्हणाला. बसवणारा माणूस मात्र हवा. त्याने जाहिरात काढली आणि कॉफीच्या टेबलामागच्या फळ्यावरही लावली. त्या सॉफ्टवेअरची, म्हणजे प्लॅटफॉर्मची, माहिती हवी, कोड लिहिता यायला हवा, चाचण्या लिहिता यायला हव्यात, लोकांशी बोलता यायला हवं. अशी लांबलचक यादी. चार महिने कुत्रंही फिरकलं नाही. इतक्या बर्फात कोण मरायला येतंय?

पाचव्या महिन्यात त्या कागदाखाली पेन्सिलीने एक नाव आलं. व्ही. हिएताला.

रूडीला हसू आवरेना. "अगं बाई, त्रेपन्न वर्षांची झालीस तू! फोन धरून ठेवायचं, ते होल्डचं बटण तुला अजून सापडत नाही."

"ते बटण मोडलंय, रूडी. बावीस वर्षं मोडलंय. मी मुद्दाम सांगितलं नाही, कारण माणसाला धरून ठेवायचं नसतंच."

रूडीने हातातली मांस-बटाटा भरलेली पेस्टी खायला घेतली.

पण ती हे का करतेय, हे त्याला ठाऊक होतं. त्या गावात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त तिच्यासमोर कुणी तो विषय काढायचा नाही. दोन वर्षांपूर्वी बर्फाचं वादळ आलं, तारा तुटल्या, वीज गेली. घरातल्या हवेतून ऑक्सिजन गाळून देणारी यंत्रं विजेवर चालतात. ती बंद पडली की उरतं सिलिंडर, आणि सिलिंडर म्हणजे मोजके तास. व्हर्नाने त्या दिवशी अकरा तास फोन केले. एकेक करून, वहीतल्या क्रमाने. लेम्पी कांगासचा नंबर वहीच्या शेवटून तिसऱ्या पानावर होता. रूडी पोचला तेव्हा सिलिंडरचा काटा शून्यावर होता आणि लेम्पी जिन्याच्या पायथ्याशी बसलेली होती, डोकं कठड्याला टेकवून. फोन केला असता तर ती म्हणालीच असती, "मी ठीक आहे, आधी दुसऱ्यांकडे जा." ती नेहमी तेच म्हणायची. पण तिला कुणी फोन केलाच नव्हता. रांगेत तिच्या पुढे अजून एकोणीस जण बाकी होते.

ती गेली. व्हर्नाने त्यानंतर निळी वही कपाटात कोंबली.

तर अशी ही बाई शिकायला बसली. रोज सकाळी सहाला कार्यालयात, फोन सुरू व्हायच्या आधी. इंटरनेटवर फुकटचे धडे होते, ते एकेक करून काढले. त्या सॉफ्टवेअरच्या परीक्षेत दोनदा आपटली. दुसऱ्यांदा नापास झाली त्या दिवशी तिने वेलदोड्याची गोड पावरोटी, नीसू, करून आणली आणि म्हणाली, "रडायचं होतं, पण पीठ आधीच मळून ठेवलं होतं." तिसऱ्यांदा पास झाली. कार्लने जाहिरात फाडली, तिला नवी पाटी दिली आणि फोनवर दुसरी बाई बसवली.

रूडीला वाटायचं, कोड लिहिणं म्हणजे भराभर टाइप करणं. छे! ही बाई आधी महिनाभर टाइपच करेना. नुसती विचारत सुटली. त्याच्या ट्रकमध्ये शेजारी बसून घराघरांत शिरली. "सिलिंडर संपत आलं हे तुम्हाला कसं कळतं?" "रात्री नळी सुटली तर?" परतताना म्हणाली, "अर्धं काम हेच आहे, रूडी. लोक जे मागतात ते त्यांना हवं असतंच असं नाही. आपण विचारतो 'तब्येत कशी', ते म्हणतात 'ठीक'. इथे मरणाच्या दारातला माणूससुद्धा ठीकच असतो. म्हणून मी 'तब्येत' हा रकानाच काढून टाकलाय."

"मग काय ठेवलंस?"

"आज किती पायऱ्या चढलात. रोज फोनवर विचारायचं."

रूडीने रस्त्यावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. वीस वर्षं तो त्या जिन्यांवरून सिलिंडर चढवत होता. हे त्याला सुचलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याने पाहिली ती चुकांची. पडद्यावर लाल अक्षरं आली की तो स्वतः यंत्रच बंद करायचा. ही ती मोठ्याने वाचायची, फोनवर कुणी घाबरून बोलत असावं तशी सावकाश. "सतराव्या ओळीत काहीतरी रिकामं आहे म्हणतेय. बरं बाई, काय रिकामं आहे, सांग मला." आणि बहुतेक वेळा सापडायचं.

ऑक्टोबरात तिचं मुख्य काम तयार झालं. वीज गेली की वीज कंपनीकडून अंधारातल्या घरांचे पत्ते यायचे. तिच्या प्रोग्रामने ते आपल्या माणसांशी जुळवायचे, प्रत्येकाकडे किती तासांची हवा उरली ते मोजायचं, आणि आधी कुणाकडे जायचं याची यादी रूडीच्या फोनवर पाठवायची. खऱ्या कामाला हात न लावता आधी सराव करायला त्या प्लॅटफॉर्मवर एक वेगळी प्रत असते. तिथे तिने एक पत्ता घालून पाहिला. चाललं. पाच घातले. चाललं. कार्लने टाळ्या वाजवल्या. "झालं तर! सोमवारपासून सुरू करू."

"नाही," व्हर्ना म्हणाली. "त्या दिवसाची यादी घालून बघायचीय."

त्या दिवसाची म्हणजे कोणत्या, हे कुणी विचारलं नाही. चारशे बारा पत्ते होते. तिने बटण दाबलं. लाल अक्षरं आली, आणि यादी आलीच नाही. एकही नाव नाही.

तो प्लॅटफॉर्म हजारो कंपन्या एकत्र वापरतात, म्हणून कुणी एकाने सगळी जागा अडवू नये अशी तिथे शिस्त आहे. एका दमात माहितीच्या कोठाराला शंभरच प्रश्न विचारायचे. एकशे एकावा विचारला की हाकलून देतात, आणि आधीच्या शंभरांचं केलेलं कामही पुसून टाकतात. व्हर्नाचा प्रोग्राम प्रत्येक पत्त्यासाठी कोठाराकडे जात होता. पत्ता घ्यायचा, जाऊन विचारायचं, परत यायचं. दुसरा पत्ता घ्यायचा, परत जायचं. बावीस वर्षं जशी ती फोन घ्यायची, तसाच. एका वेळी एक माणूस, त्याच्याकडे पूर्ण लक्ष. तिचा सगळा चांगुलपणा तिने त्या कोडमध्ये ओतला होता आणि तोच नडला होता.

"पण पाचांना तर चाललं ना?" कार्ल म्हणाला.

"त्या दिवशी पाच जण नव्हते, कार्ल." तिने खुर्ची मागे सारली. "मी परत तेच केलंय. मी यंत्राला माझी वहीच शिकवलीय."

ती उठून मागे गोदामात गेली आणि उलट्या खोक्यावर बसली. रूडी ट्रक भरत होता. धीर कसा द्यायचा हे त्याला कळेना, म्हणून तो काम करत राहिला. हातात दिवसभराच्या पत्त्यांचा कागद, आधी सगळा वाचला, बेरीज केली, मग एकाच ढकलगाडीवर सगळे सिलिंडर घेऊन बाहेर आला. शेवटचं घर सगळ्यात आत, पहिलं घर दाराशी.

"रूडी," ती एकदम म्हणाली, "प्रत्येक घरासाठी गोदामात परत का येत नाहीस?"

"डोकं फिरलंय का तुझं? मग संध्याकाळी मी दुसऱ्याच घरी असेन!"

ती खोक्यावरून ताडकन उठली आणि आत पळाली, त्रेपन्न वर्षांची बाई, ओल्या फरशीवरून. काय झालं ते रूडीला कळलं नाही. दुपारी तिने त्याला बोलावून दाखवलं. आता प्रोग्राम आधी सगळे पत्ते गोळा करत होता, कोठाराकडे एकदाच जाऊन सगळ्यांची माहिती उचलून आणत होता, आणि जुळवाजुळव वाटेत करत होता. चारशे बारा पत्ते. रूडीने एक श्वास घेतला, सोडला, आणि यादी समोर होती. अकरा तासांचं काम!

"हे तू केलंस?"

"ढकलगाडी तुझीच आहे," ती म्हणाली.

जानेवारीत सकाळी नऊच्या सुमाराला तारा कोसळल्या. पडताच गोठून बर्फ होणारा पाऊस होता. सातशे एकतीस घरं अंधारात, त्यात आपली शहाण्णव माणसं. रूडीच्या फोनवर यादी आली. सगळ्यात वर इर्या पेल्टोला.

रूडीने कपाळाला हात लावला. इर्याकडे त्याने गेल्याच आठवड्यात दोन भरलेले सिलिंडर ठेवले होते. शिवाय तिचं घर तळ्याच्या पार टोकाला. जवळच वेनो राहतो, त्याची अवस्था किती वाईट! त्याने व्हर्नाला फोन लावला. "तुझं यंत्र चुकलंय. इर्याकडे दहा तासांची हवा आहे. मी आधी वेनोकडे जातो."

पलीकडे कागदांची सळसळ नाही, वही नाही, फक्त तिचा आवाज. "मलाही वेनोच वाटला असता, रूडी. म्हणूनच म्हणते, यादीप्रमाणे जा."

त्याने मनातल्या मनात व्हर्ना आणि इर्या दोघींनाही शिव्या घातल्या आणि तळ्याकडे वळला.

इर्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, डोक्यावर लोकरीची टोपी, ओठ निळसर. डॉक्टरांनी मंगळवारी तिची हवा दुप्पट केली होती, त्यामुळे सिलिंडर निम्म्या वेळात संपत होतं, आणि एक तर तिने आधीच संपवलं होतं. तीन दिवस ती वर झोपायला गेली नव्हती. पायऱ्यांच्या रकान्यात शून्य होतं, तीनदा, आणि डॉक्टरांचा नवा आकडाही यंत्रात होता; रूडीला मात्र तो ठाऊक नव्हता. काटा तांबड्या पट्टीच्या तळाशी टेकला होता.

"मी ठीक आहे," ती पुटपुटली. "तू आधी वेनोकडे जायला हवं होतंस."

"हो मिसेस पेल्टोला, मीही तेच म्हणत होतो," रूडी म्हणाला. त्याने नळी जोडली. तिच्या ओठांवर रंग परत येईपर्यंत तो तिथून हलला नाही. मग वेनोकडे गेला. वेनोकडे अजून चार तास होते आणि तो खिडकीशी बसून पत्ते खेळत होता.

बाकीचे ट्रकही यादी धरून धावले, आणि दिवस मावळायच्या आत शहाण्णवच्या शहाण्णव घरं झाली. कुणी गेलं नाही.

रूडी परतला तेव्हा व्हर्ना पडद्यासमोर होती. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदा. ती हसली आणि म्हणाली, "थांब, एक सुधारणा चढवतेय. वेनोचा पत्ता दोन ठिकाणी दिसत होता."

"लगेच चढत नाही का?"

"नाही. आधी चाचण्या पास व्हाव्या लागतात. खोटी माणसं तयार करायची, त्यांच्यावर चालवून बघायचं. एक जरी नापास झाली तरी हे काहीही आत घेत नाही, अगदी एक ओळसुद्धा." तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "बघ, सुरू झाल्या."

रूडी वाकून वाचू लागला. पहिली चाचणी. माणसाला नाव नव्हतं. हवा दर मिनिटाला दोन लिटर. सिलिंडर एक. झोपायची खोली वर, चौदा पायऱ्या. सिलिंडर रात्रीपासून वापरात. फोनच्या रांगेत पुढे एकोणीस जण.

रूडी हळूहळू सरळ झाला. तो जिना त्याने लेम्पीकडे सिलिंडर चढवताना मोजलेला होता.

"नाव घातलं नाहीस," तो म्हणाला.

"खऱ्या माणसांची नावं चाचणीत घालायची नसतात," व्हर्ना म्हणाली. तिची नजर पडद्यावरच होती. "पण मी असेन नसेन, उद्या कुणीही इथे बसो, या प्रोग्राममध्ये काहीही बदलायचं असेल तर त्याला आधी हिच्यापर्यंत वेळेत पोचावं लागेल."

ओळ हिरवी झाली. गाडी पोचली, हवा शिल्लक पन्नास मिनिटं.