देवाशी अबोला

बाबा गेले आणि आईने देवाशी अबोला धरला. मिरजेचं घर बंद करून ती माझ्याकडे चेन्नईला आली तेव्हा देव बरोबर आणले, पण बाबांच्या जुन्या पंच्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात. डबा स्वयंपाकघरात अगदी वरच्या फळीवर गेला. मी काढायला गेले तर म्हणाली, "राहू दे. त्यांनी माझं ऐकलं नाही, मलाही त्यांचं तोंड बघायचं नाही."

मी काही देवाधर्माची नाही. पण आई नैवेद्य न दाखवता सरळ जेवायला बसते, तेही चिमणीएवढं खायला, हे मला बघवत नव्हतं.

एग्मोरजवळ आमचा छोटासा सिनेमा क्लब आहे. युद्धानंतरच्या इटालियन सिनेमातला धर्म आणि गरिबी, यावर रविवारी दुपारी मी बोलणार होते. आईला एकटीला घरी ठेवणं जिवावर आलं, म्हणून बरोबर नेली. या सिनेमांत गरिबाला चर्चमध्ये प्रार्थना मिळते, भाकरी मिळत नाही, असं मी ऐटीत सांगितलं. आई पहिल्या रांगेत पदराने चष्मा पुसत बसली होती.

मग सिनेमा सुरू झाला. बॉम्बने छप्पर उडालेलं चर्च. एक धुणेवाली, काम सुटलेलं, घरी मूल तापाने फणफणलेलं, औषधाला पैसे नाहीत. ती मेरीच्या पुतळ्यासमोर उभी राहून तिला फाडफाड बोलत होती. मी आईच्या कानाशी लागून सबटायटल्स मराठीत सांगायला लागले. तिने माझा हात दाबला. "गप्प बस गं. कळतंय मला. भांडतेय ती."

भांडून थकल्यावर बाईने डोक्यावरचा रुमाल सोडला, पुतळ्याच्या तोंडावरची धूळ पुसली आणि निघून गेली. माझ्या भाषणात मी याला श्रद्धेची हतबलता वगैरे म्हटलं होतं. आई मात्र ढसाढसा रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी घाबरलेच. पलीकडच्या तमिळ आजींनी काही न विचारता तिच्या पाठीवर हात ठेवला, "परवायिल्लै मा, परवायिल्लै," असू दे गं, असू दे, म्हणत राहिल्या.

ऑटोत ती एवढंच बोलली, "त्या बाईचं मूल वाचलं का गं?"

"सिनेमात दाखवलं नाही, आई."



सकाळी मी ऑफिसची बस गाठायच्या घाईत होते. स्वयंपाकघरातून आवाज आला, "तुझं काय जातंय? इतकी वर्षं तुझं केलं, आणि एक माणूस सांभाळता आला नाही तुला?" मला वाटलं, फोनवर मामावर चिडलीय. वाकून पाहिलं, तर सांबारासाठी आणलेली चिंच भिजवून, पुढ्यात परात घेऊन, आई डब्यातला बाळकृष्ण घासत होती. डोळ्यांतून पाणी, तोंडाचा पट्टा चालूच.

तिने मान वर केली. "बघत काय राहिलीस? दूध गरम आहे, वाटीत साखर घालून आण. भांडण माझं चाललंय त्याच्याशी, म्हणून काय उपाशी ठेवू त्याला?"