घरच्या ज्वारीचं बी

आमच्या घरात पोथ्या कमी आणि वडिलांनी मोर्च्यांतून आणलेली पत्रकं जास्त. अक्षरओळख मला त्यांतूनच झाली. छापलेलं ते खरं, हा माझा समज पदवीनंतरही टिकून होता.

नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या शेतात माय सोयाबीनमध्ये दर बारा ओळींनंतर एक ओळ ज्वारी पेरायची. बी तिच्या माहेरचं, राखेत ठेवलेलं. वर्षाची भाकर त्या ओळींवर. त्या वर्षी पावसानं दडी मारली, दुबार पेरणी करावी लागली आणि राखून ठेवलेलं बीही जमिनीत गेलं.

मी मात्र एकरी उत्पादन वाढवायला निघालो होतो. एका योजनेच्या पत्रकात छापलं होतं, हे तणनाशक गवत मारतं, सोयाबीनला धक्का लावत नाही. मी फवारलं. ज्वारी गवताच्याच कुळातली, हे शाळेत शिकूनही आठवलं नाही. आठ दिवसांनी माय ज्वारीचे पोंगे, मधली कोवळी गुंडाळलेली पानं, ओढून पाहत होती. एकेक पोंगा सडून हातात येत होता.

"काहून रे, तुले तण नाही दिसलं? माही भाकरच दिसली?"

"माय, सोयाबीन दीडपट होईन."

"मंग ताटात वाढ मले दीडपट सोयाबीन."

झालं खरं दीडपट. अमरावतीहून योजनेचे साहेब आले, शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, मंडप उभा राहिला. त्यांनी मायला विचारलं, "मावशी, आता अन्नाची काळजी मिटली ना?"

"तुमच्या घरी सोयाबीनची भाकर करते का जी?"

सगळे हसले. मीही हसलो, मायवर. साहेबांनी पुढचं पत्रक मलाच लिहायला सांगितलं. मी लिहिलं. अन्नसुरक्षा, पर्यावरण, सगळं कोंबलं. मेलेल्या ज्वारीबद्दल एक अक्षर नाही. खाली माझं नाव छापून आलं. आमचं सोयाबीन तेलाच्या कारखान्यात गेलं, तिथून पेंड कोंबड्यांना. आम्ही रेशनचे गहू खाल्ले. ज्वारीचा कडबा नव्हता, म्हणून गाय दुसऱ्याच्या दावणीला बांधली. याला उत्पादनवाढ म्हणतात आणि मी ती लिहून दिली होती.

पुढच्या मिरगाआधी मायनं मला तिच्या माहेरी, अकोल्याकडे पाठवलं. "पसाभर बी भेटलं तरी आन."

मामा ओसरीवरच भेटला. बी मागितलं तर हसायला लागला.

"कायचं बी? तुह्यं पत्रक आलं ना गावात! भाच्यानं लिहेल हाय म्हनून म्या सगळ्यायले वाचून दाखवलं. यंदा पुऱ्या गावात ज्वारी बंद."

"पन घरचं बी तर असंन ना, मामा?"

"ठेवून काय करू? परवाच दळून आनलं. बस, जेव."

मामीनं गरम भाकर वाढली. भूक लागली होती. मी दोन खाल्ल्या.