सुजातासाठी चव घेताना

सुजाताच्या नवऱ्याचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा मी भांडुपच्या बाजारात बोंबील घेत होते. फोन कानाला लावला तर पलीकडून नुसता पंख्याचा आवाज. मग तो म्हणाला, "नीलम, तू ये." एवढंच. समोरची मावशी विचारत होती, "साफ करून देऊ का गं?" आणि मी तिच्याकडे बघत नुसती उभी. हो म्हणाले की नाही, ते आठवत नाही. पिशवी बहुतेक तिथेच राहिली. रिक्षात बसल्यावर मुलुंड पूर्वेला पोचेपर्यंत मी मनाला समजावत होते की तिला हॉस्पिटलात हलवायचं असेल, जिन्यावरून उतरवायला माणूस हवं असेल... पण घरातला नळ गळला तरी सविस्तर हकिगत सांगणारा मिलिंद असा दोन शब्दांत फोन ठेवतो म्हणजे काय झालंय, हे आत कुठेतरी कळलं होतं. सुजाता पहाटे झोपेतच गेली होती. आता या गोष्टीला काही आठवडे झाले. तरी अजून काही नवीन खाल्लं की पहिला विचार येतो तो तिचाच.

आम्ही दोघी एकाच विमा कंपनीच्या घाटकोपरच्या ऑफिसात लागलो, टेबलं शेजारीशेजारी. तिचे वडील अकोल्याहून नोकरीसाठी मुंबईत आलेले, माझे बाबा मालवणहून गिरणीत. दोघी एकदम मुंबईच्या, पण डबे मात्र आपापल्या गावचे. तिच्या डब्यातला झणझणीत ठेचा मी खायची आणि माझ्या डब्यातलं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं ती. जेवताना सुजाता बोलायची नाही. घास तोंडात फिरवायची, थांबायची आणि मग निकाल द्यायची. "आज खोबरं जुनं आहे गं." घरी येऊन विचारलं तर सासूबाई म्हणायच्या, "हो, फ्रीजमधलं होतं. तुझ्या त्या मैत्रिणीला कसं कळतं पण?" मलाही कधी समजलं नाही. चहात आलं किसलंय की ठेचलंय, हे ती डोळे मिटून सांगायची. वडिलांनी तिचं नाव ठेवलं होतं ते बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातेवरून. ती हसून म्हणायची, "आणि मला नेमकी खीरच धड येत नाही, यार."

मॅकरॉन नावाचं ते फ्रेंच बिस्किट घरात आणलं तिच्या लेकीने. मैत्रेयी तेव्हा मालाडला नोकरीला होती. ऑफिसातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला आलेल्या डब्यातली चॉकलेटची दोन मॅकरॉन तिने आईसाठी कागदी रुमालात गुंडाळून आणली. सुजाताने एक खाल्लं, दुसरं झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्यासाठी ऑफिसात घेऊन आली. बटणासारखी दोन गोल बिस्किटं आणि मध्ये चॉकलेट. वरचं कवच दात लागताच तुटतं, आतला भाग मऊ आणि किंचित चिवट. "यात मैदा नाहीये," ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. "बदाम आहे. अंड्याचा पांढरा भाग, साखर आणि बदाम. बाकी काहीच नाही. हे मी घरी करणार."

मग सुरू झाले ते रविवार. बदामाची पूड आणि पिठीसाखर चाळून घ्यायची, त्यात कोको. अंड्याचा पांढरा भाग इतका फेटायचा की भांडं डोक्यावर उलटं धरलं तरी पडू नये. ती खरंच धरायची, आणि मिलिंद टॉवेल घेऊन मागे उभा. मग सगळं हलक्या हाताने एकत्र करून कोनातून बटर पेपरवर गोल पाडायचे आणि वरची साय सुकेपर्यंत तसेच ठेवायचे. इथेच आमच्या हवेने तिचा छळ मांडला. मुलुंडच्या दमट हवेत ती साय सुकायचीच नाही. ओव्हनमध्ये घातलं की गोल तडकायचे, नाहीतर पसरून त्यांची धिरडी व्हायची. शेवटी तिने ट्रे बेडरूममध्ये नेऊन पलंगावर मांडले आणि एसी लावला. रविवारी दुपारी झोपायला गेलेला मिलिंद उशी बगलेत मारून बाहेर. "माझ्याच घरात मला जागा नाही, बिस्किटं झोपलीत," असं तो मला फोनवर सांगायचा. शिवाय पांढरा भाग वापरला की पिवळा बलक उरायचा. त्या घराने इतकी पिवळीधमक भुर्जी खाल्ली की मैत्रेयीने शेवटी अंड्याचं नावच टाकलं. आणि एके रविवारी त्या गोलांना खाली झालर फुटली. नीट जमलेल्या मॅकरॉनला बुडाशी अशी बारीक फुगलेली कड येते, तिला ती झालर म्हणायची. ओव्हनच्या काचेसमोर फरशीवर मांडी घालून बसलेल्या सुजाताने मला फोटो पाठवला. फोटोत मॅकरॉन कमी आणि काचेतलं तिचं हसू जास्त दिसत होतं.

त्यानंतर वर्षभरातच तिच्या जिभेच्या कडेला जखम झाली. आधी वाटलं दात जिभेला घासतोय. दाताच्या डॉक्टरने दात घासून दिला, मलम झालं, गोळ्या झाल्या... मग तपासणी आणि मग तो शब्द. तंबाखूच काय, साधी सुपारीही न खाल्लेल्या बाईला. जिभेचा एक तुकडा काढला, पुढे रेडिएशन झालं. त्या महिन्यांबद्दल मला फारसं लिहायचं नाही. ती बोलायला परत शिकली, थोडं बोबडं, पण स्वच्छ. चव मात्र गेली. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू येईल. आम्ही वाट बघितली. वास येत होता, पण तोंडात घातल्यावर काही नाही. एकदा मी गेले तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. मैत्रेयीने बाहेरून मॅकरॉन आणली होती, त्यातलं एक तिने तोंडात ठेवलं होतं. बराच वेळ तशीच उभी राहिली, मग बेसिनमध्ये थुंकली आणि नळ सोडला. "भिजलेला पुठ्ठा गं," ती म्हणाली. "चॉकलेटचा वास येतोय नाकाला, आणि तोंडात पुठ्ठा." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. नळ तसाच वाहत राहिला. मिलिंद आत येऊन बंद करून गेला.

मला वाटलं, संपलं ते प्रकरण. काही दिवसांनी तिचाच फोन. "संध्याकाळी ये. तुझं तोंड हवंय." गेले तर ओट्यावर ताटभर मॅकरॉन. सुंदर, एकसारखी, झालर असलेली. "खा आणि सांग." मी खाल्लं आणि म्हणाले, छान झालंय. ती उखडलीच. "छान काय, छान! छान तर शेजारीणपण म्हणते. पहिल्यांदा काय लागलं? मग काय लागलं? गिळल्यावर काय राहिलं?" इतकी वर्षं नुसती खात आले होते, चव शब्दांत धरायची वेळच कधी आली नव्हती. दुसरं खाल्लं. म्हटलं, आधी गोड येतं, फार येतं. चॉकलेट मागून येतं आणि लगेच जातं. "मग बदाम?" बदाम कळतच नाही गं. तिने मान हलवली, डोळे मिटले, जणू माझं बोलणं तोंडात घोळवत होती. पुढच्या वेळी कोको वाढला, मधल्या चॉकलेटमध्ये चिमूटभर कॉफी आली, बदाम जरासे भाजलेले होते. मी सांगत गेले, ती बदलत गेली. मिलिंदला हे काम जमेना; त्याला सगळंच आवडायचं. मैत्रेयी चांगलं सांगायची, पण सांगता सांगता मध्येच उठून आत जायची, म्हणून सुजाता तिला फार विचारायची नाही.

एकदा न राहवून मी विचारलं, "तुला स्वतःला काहीच लागत नाही, मग कशाला एवढा जीव काढतेस?" ती ट्रे आपटत होती, कच्च्या गोलांतले बुडबुडे फुटावेत म्हणून तो ओट्यावर आपटावा लागतो. आपटणं न थांबवता म्हणाली, "तोंड गेलं, हात नाही गेले अजून. आणि तू सांगतेस तेव्हा मला आठवतं, कसं लागायचं ते. थोडा वेळ आठवतं. मग परत जातं."

मैत्रेयीचं लग्न ठरलं ते बोरिवलीच्या मुलाशी, आमच्याच कोकणातलं घर. सुजाताने जाहीर केलं, पाहुण्यांच्या हातात मी केलेलं मॅकरॉन पडलं पाहिजे. तेवढ्यात मानेत पुन्हा गाठ आली. मैत्रेयी म्हणाली, "आई, आपण विकत आणू." ती म्हणाली, "विकत आणायचं तर पेढे आणा." मग आम्हीच तिचे हात झालो. ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची, गळ्याभोवती ओढणी. मी फेटायची, मिलिंद कोन धरायचा. त्याचे गोल कधी लांबट, कधी शेपटीवाले. "मिलिंद, ही बेडकाची पिल्लं आहेत," ती म्हणायची आणि हसताना तिला ठसका लागायचा. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, आणि मुलाच्या आजीने तिचं मॅकरॉन तोंडात टाकून मला विचारलं, "ह्या काय गो? तोंडात घातलंय आणि गेला खय तां कळाक नाय!" मी सुजाताला जाऊन ते जसंच्या तसं मालवणीत सांगितलं. तिने ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. हिरव्या साडीत, खूप बारीक झालेली, डोळे मात्र लख्ख. मला ती त्या दिवसाचीच आठवायची असते. नेहमी जमत नाही.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. शेवटी शेवटी नळीतून पातळ अन्न, आणि बोलणंही पुसट. मी जायचे, बसायचे. ऑफिसातल्या जुन्या गोष्टी काढायचे. ती हाताने खूण करून विचारायची, आज काय जेवलीस? आणि मी सांगायचे, अगदी फोडणीपासून. तिला ते ऐकायला आवडायचं. ऐकता ऐकता तिचे ओठ हलायचे...

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मैत्रेयी चार दिवस आईच्या घरी राहिली होती. गेल्या आठवड्यात फ्रीज बिघडला म्हणून ती परत येऊन फ्रीजर रिकामा करत होती, आणि वाटाण्याच्या पिशवीमागे एक डबा निघाला. तिने मला बोलावून घेतलं. डब्यात चॉकलेटची मॅकरॉन होती, बटर पेपरमध्ये नीट रचलेली. ही कधी केली? मिलिंद विचार करून म्हणाला, "मी औषधं आणायला गेलो होतो त्या दुपारी असेल. आलो तेव्हा ओटा ओला होता. मी रागावलोपण, उठलीस कशाला म्हणून." म्हणजे नळी बसण्याच्या आधी कधीतरी, घरात कोणी नसताना, तिने हे एकटीने केलं होतं. चव घ्यायला मी नव्हते, कोणीच नव्हतं.

मैत्रेयी म्हणाली, "बाबा, खायची नाहीत. नीलममावशी, तुझ्या फ्रीजमध्ये ठेव ना." मिलिंद म्हणाला, "नको. खायची वस्तू आहे, ठेवली तर ती ओरडेल." त्याने ताटात काढली. गार मॅकरॉन लगेच खायचं नसतं, थोडं मऊ होऊ द्यावं लागतं, म्हणून आम्ही टेबलाभोवती बसून राहिलो. मग एकेक उचललं. कवच तसंच हलकं, झालर सुरेख. पण मधलं चॉकलेट खारट होतं. चिमटीने घातलेल्या मिठासारखं नाही; चांगलं चमचाभर पडलं असावं, साखर समजून. तिला कळायचा काही मार्गच नव्हता.

मैत्रेयी चावता चावता थांबली. "बाबा, खारट आहे."

"हो," मिलिंद म्हणाला आणि त्याने दुसरं उचललं. मीही उचललं. आम्ही ती सगळी खाल्ली, सावकाश, पाणी पीत पीत. ताट रिकामं झाल्यावर मैत्रेयी सवयीने म्हणाली, "आईला सांगायला हवं..." आणि मग आम्ही तिघंही ताटातल्या चुऱ्याकडे बघत बसलो. सांगायला मला आता छान येतं. पहिल्यांदा काय लागलं, मग काय, गिळल्यावर काय राहिलं, सगळं.