फूटपट्टीकाकांचं कुंपण

दूध तापत होतं, हे तोंडाला फेस लावून टॉवेल शोधत होते, तेवढ्यात दार वाजलं. बरोबर तीनदा, सारख्या अंतरानं. असं मापात दार वाजवणारा माणूस आमच्या गल्लीत एकच, शेजारचे फूटपट्टीकाका.

काकांचा जन्म जमिनी मोजण्यात गेला. नोकरीतून ते निवृत्त झाले, टेप झाला नाही. परसात दोरी धरून ते टोमॅटो लावतात आणि एखादं रोप बोटभर सरकलं तर उपटून परत लावतात. अशा घरात काकूंनी किडे टिपायला म्हणून तीन कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. किडे गेले, सोबत पालकाची ओळही गेली. "आली बघ तुझ्या माहेरची मंडळी!" काका ओरडायचे.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि माहेरची मंडळी काकांच्या पदरात पडली. त्यांनी कोंबड्यांभोवती जाळी ठोकली आणि वरून गुळगुळीत लाकडी पट्टी मारली. नुसत्या जाळीवर कोंबडी सहसा उडत नाही, टेकायला जागा दिसत नाही ना! काकांनी तर तिला बाकच बांधून दिला. त्यातली तांबडी कोंबडी रोज पट्टीवर बसून गल्ली न्याहाळायची. मी सांगूनही पाहिलं होतं.

"पट्टी काढली तर जाळी वाकडी दिसते, सूनबाई."

आज मात्र दारात काकांचा चेहरा उतरलेला. "तांबडी परवापासून नाही."

"अगंबाई! आणि काकू?"

"उद्या संध्याकाळी येतेय. फोनवर आधी तांबडीची चौकशी, मग माझी."

"मग काय सांगितलंत?"

"जेवतेय म्हणालो."

फेसातून हे हसले. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "अख्खं परस चौकोन पाडून शोधलं. एक चौकोन सोडला नाही. तिच्या हातची पाळलेली आहे हो. काय तोंड दाखवू?"

मी गॅस बंद केला. काल आमच्या परसात कपडे वाळत घालताना भोपळ्याच्या वेलाखालून कुणीतरी कुरकुरल्यासारखं वाटलं होतं. काकांना मागे नेलं, पानं बाजूला केली. फुटक्या बादलीमागे तांबडी पिसं फुलवून बसली होती.

"अगं, इथे काय करतेस!" काकांनी हात घातला आणि झटकन ओढला. बोटाला चोच बसली होती. पण पोटाखालची अंडी दोघांनाही दिसली.

"उचलू नका. खुडूक झालीय, अंडी उबवतेय. आत्ता हलवलीत तर सोडून देईल."

काका मागच्या ओट्यावर बसले. "दोन आठवडे अंडं नाही म्हणून मी हिला कामचुकार म्हणत होतो. रोज, तोंडावर."

"ती रोज पट्टीवरून इकडेच येऊन घालत असणार."

"बसू दे इथेच. तुझ्या काकूला मी खरं काय ते सांगेन." त्यांनी खिशातून टेप काढला, वेलाकडे पाहिलं आणि न उघडताच परत ठेवला. मग बोटांवर दिवस मोजले. "परवापासून धरलं तर एकवीसातले अजून एकोणीस दिवस."

"हो, साधारण."

ते वाकून तांबडीकडे बघू लागले. तीही त्यांच्याकडे रोखून बघत होती.

"सूनबाई, पिल्लं निघेपर्यंत मी रोज सकाळी थोडा वेळ इथे येऊन बसू का? स्टूल माझं मी आणीन."