बाबांच्या खांद्याला झेपेल अशी

माझे वडील बंदूक उचलेनासे झाले, तेव्हा घरात सगळ्यांत आधी रडू मला आलं. हे पुढे देवळीच्या बाजारापर्यंत गेलं, त्यामुळे आता लपवून काही उपयोग नाही.

आमचं वावर नाचणगावच्या अलीकडे, नाल्याला लागून आहे. नाला म्हणजे रानडुकरांचा हमरस्ता. (डांबरी नाही, पण आमच्या गावच्या रस्त्यापेक्षा बरा.) दिवस बुडायला आला की डुकरं पिलावळीसकट वर येतात आणि हरभरा असो की भुईमूग, सगळं उकरून ठेवतात. म्हणून बाबांकडे पीक संरक्षणाचा परवाना आणि एक जुनी दुनाळी बंदूक. डुक्कर मारायचं तर वनखात्याला विचारावं लागतं, त्यामुळे बाबा मारायच्या भानगडीत पडत नाहीत. मचानावर बसायचं, हवेत एक बार काढायचा, की डुकरं नाल्यात आणि बाबा घरी जेवायला. माझ्या लहानपणापासून हा कारभार सुरळीत चालला होता.

मग मागच्या वर्षी, सोयाबीन शेंगांवर असताना, बाबांनी दुनाळी खांद्याला लावायला उचलली आणि अर्ध्यातच मांडीवर ठेवली.

"आता नाई होत बावा," ते म्हणाले. "खांदा साथ नाई देऊन राह्यला."

बाबा आणि "नाई होत" हे मी आयुष्यात पहिल्यांदाच एकत्र ऐकलं. बाबा पंचाहत्तरीला टेकलेले. पण आमच्या डोक्यात ते कायम पोतं पाठीवर टाकून चालणारे. मी देवळीला एका पतसंस्थेत कारकून, मला गॅसचं सिलिंडर सरकवायचं तरी लचक भरते. आता मचान सुटलं तर हा माणूस घरी ओसरीवर बसणार, आणि एकदा बसला की उठणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं. मी विहिरीमागे जाऊन रडून आलो. डोळे पुसत परतलो तर समोर बायको.

"कचरा गेला डोयात," मी म्हणालो.

"दोन्ही डोयात?" वर्षा म्हणाली.

त्याच रात्री जेवताना मी जाहीर केलं की बाबांसाठी हलकी बंदूक घ्यायची. हलकी आणि परवडणारी.

आई म्हणाली, "काऊन? जुनी चांगली चालू हाय ना? आमच्या लग्नातला भाताचा पितळी गंज अजून वापरून राह्यली मी." आईच्या राज्यात जुनं मोडल्याशिवाय नवं येत नाही, आणि जुनं ती मोडू देत नाही. पण तेवढ्यात बाबांनी पाण्याचा गिलास दोन्ही हातांनी उचलला, आणि तोही थरथरत. आई पदराला हात पुसत म्हणाली, "पाहा मंग एखादी. पण लय महागाची नोको."

दुसऱ्या दिवसापासून मी तज्ज्ञ झालो. मोबाइलवर बंदुकांचे व्हिडिओ पाहायचा मी सपाटा लावला. त्यात एक लालबुंद गोरा माणूस बर्फातून डोंगर चढत चढत सांगायचा की डोंगरावर जायचं तर रायफल हलकीच हवी. (आमच्या वावरात सगळ्यात उंच जागा म्हणजे विहिरीचा काठ. पण शास्त्र ते शास्त्र.) त्याच्याकडूनच मला बोल्ट अ‍ॅक्शन समजली. बंदुकीच्या बाजूला एक दांडी असते. ती उचलायची, मागे ओढायची, गोळी घालायची, पुढे सारायची, खाली पाडायची. दाराची कडी लावतो तसंच. "यात बिघडायसारखं काहीच नाही," असं मी घरात, शेजारी आणि पतसंस्थेत मिळून बऱ्याच लोकांना सांगितलं.

बाबांना नेमकं किती वजन झेपतं, हे पाहायला मी अंगणात चाचणी ठेवली. आधी मुसळ दिलं.

"लय जड," बाबा कळवळले.

मग कुदळीचा दांडा दिला. "कळ गेली खांद्यात."

मग छत्री दिली. बाबांनी ती खांद्याला लावली, एक डोळा मिटला, आणि हळूच खाली ठेवली. "जराशी जडच हाय."

शेवटी मी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. ते त्यांनी आरामात पेललं. "हे जमते," ते म्हणाले. "पण याले डुक्कर भेईन काय?"

"तुमचा पोरगा त भेते, मामाजी," वर्षा आतून म्हणाली. "डुकराचं सांगता येत नाई."

सरकारी परवानग्यांचे सोपस्कार उरकले आणि आम्ही नागपूरला बंदुकीच्या दुकानात गेलो. बाबा, मी आणि आई. आई भाजी विकायला देवळीच्या बाजारात बसते, तिच्याशिवाय आमच्या घरात काडेपेटीसुद्धा खरेदी होत नाही. दुकानदारानं पहिली रायफल समोर ठेवली. बाबांनी ती उचलली आणि गुडघ्यात वाकले. दुसरी उचलली आणि मला म्हणाले, "धर रे बावा, पडन."

मी दुकानदाराला बाजूला घेऊन खालच्या आवाजात परिस्थिती सांगितली. "हलक्यातली हलकी दाखवा. वडिलांचा खांदा गेलाय."

"खांदा गेला असन त हलकी नका घेऊ भाऊ," तो म्हणाला. "जड बंदूक आपला झटका आपणच खाते. हलकी सगळा खांद्याले देते. लागन त्यायले."

बाबांनी हे लांबून ऐकलं. "बसू द्या झटका," ते म्हणाले. "त्याचं काही नाई. उचलता आली पाह्यजे."

मला तेव्हा त्यात वडिलांची जिद्द दिसली. पुन्हा भरून आलं. एखाद्या शहाण्या माणसाला दुसरंही काही दिसलं असतं.

तिसरी रायफल कोपऱ्यात पडून होती. बारकी, आखूड, दस्त्यावर एक ओरखडा, म्हणून गिऱ्हाईक लागत नव्हतं आणि म्हणून भावही उतरलेला. बाबांनी ती एका हातानं उचलली, खांद्याला लावली, गाल टेकवला आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही. पोळ्याला बैल सजवून झाला की त्याच्याकडे पाहताना त्यांचा जसा चेहरा होतो, तसा झाला होता. मी म्हटलं, हीच.

आता आईची पाळी. तिनं रायफल तळहातावर कोबीच्या गड्ड्यासारखी तोलली.

"याच्यात लाकूड कमी, लोखंड कमी. मंग भाव काऊन कमी नाई?"

"मायबाई, हलकी बनवाले जास्त मेहनत लागते," दुकानदार म्हणाला.

"आमी कमी मेहनतीची घेऊन राह्यलो असं समजा."

भाव उतरला. मग आईनं विचारलं, "वरतून काय देता?" त्यानं कपाळाला हात लावला आणि पट्टा दिला, नळी साफ करायचा ब्रशही दिला. बंदुकीच्या तेलाची बाटली मात्र तो फुकट देईना. आई हटेना. दोघं अडून बसले, तेव्हा मी तज्ज्ञ म्हणून मध्ये पडलो.

"राहू दे ना आई. तेल आपल्या घरी पिपं भरून आहे."

आमच्या घरी जे पिपं भरून आहे ते जवसाचं तेल. आम्ही जवस पेरतो, घाण्यावरून गाळून आणतो आणि मग जगातल्या सगळ्या रोगांवर तेच वापरतो. ठेच्यावर जवसाचं तेल, बैलबंडीच्या लाकडाला जवसाचं तेल, दार फुगलं जवसाचं तेल, गुडघा धरला जवसाचं तेल.

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळे, कुऱ्हाडी, फवारणीचा पंप, माझी मोटारसायकल, आणि या वेळी मधोमध रायफल. बाबा गावात सोनं वाटायला गेले होते. मी जवसाच्या तेलाची वाटी घेऊन बसलो. आधी लाकडी दस्त्याला लावलं. काय चमक आली! त्या चमकेनं मी बहकलो. बोल्टला लावलं. बोल्टच्या फटीत सोडलं. दांडी मागेपुढे करून आतपर्यंत मुरवलं. दांडी लोण्यासारखी सरकायला लागली. वर्षा म्हणाली, "पुरे आता, तळून काढता काय तिले?" मी आणखी थोडं सोडलं. मग हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि रायफल कपाटात कुलपात गेली.

दिवाळीपर्यंत सोयाबीन, कापूस यांचीच धांदल होती. मग हरभऱ्याला घाटे धरले आणि डुकरांना खबर लागली. त्या संध्याकाळी बाबा नवी रायफल खांद्याला अडकवून इतके झपाझप निघाले की मला मागून पळावं लागलं. मचानावर ते माझ्या आधी चढले. मला अगदी समाधान वाटलं. बंदुकीच्या वजनानं माणूस किती बदलतो, असं मी मनात म्हणालोसुद्धा.

दिवस बुडता बुडता नाल्यातून एक थोराड डुकरीण वर आली. मागे पिलं. ती थेट मचानाखालच्या हरभऱ्याच्या तासात शिरली आणि कामाला लागली. बाबांनी दांडीला हात घातला. दांडी हलेना.

"अरे, हे हालून नाई राह्यलं," बाबा कुजबुजले.

"वर उचला आधी. कडीसारखं."

"कडी मले समजते. हे समजून नाई राह्यलं."

मी हात घातला. दांडी डिंकात बसवल्यासारखी. खाली कराकरा घाटे खाल्ल्याचा आवाज.

"काय लावलं होतं तू याले?" बाबांनी विचारलं.

"जवसाचं तेल."

बाबांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "जवसाचं तेल सुकते, बाबू. सुकून रोगनासारखं कडक होते. म्हणूनच त आपण बंडीले लावतो."

हे मला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. दर उन्हाळ्यात बंडीला मीच ते लावत आलोय! पण बंदूक समोर आली आणि मी त्या बर्फातल्या माणसाचा शिष्य झालो, शेतकऱ्याचा पोरगा राहिलो नाही.

आता अब्रूचा प्रश्न होता. रायफल रिकामीच होती, कारण गोळी घालायला ती आधी उघडायला हवी. बाबांनी दस्ता पोटाशी घट्ट धरला, मी मचानाच्या खांबाला पाय लावला आणि दोन्ही हातांनी दांडी ओढली. दांडी तिथेच राहिली. हात सुटले. मी उलटा खाली हरभऱ्यात, डुकरिणीच्या पुढ्यात बसलेला.

मी ओरडलो. तीही ओरडली. मी जास्त जोरात ओरडलो असावा, कारण पळाली ती. पिलं तिच्या मागे, आणि शेजारच्या तुरीत लपलेली आणखी दोन-चार, जी आम्हाला दिसलीही नव्हती, तीही गेली.

माझा घोटा मुरगळला होता. पाय टेकवत नव्हता. बाबा मचानावरून सरसर उतरले, रायफल गळ्यात अडकवली, माझ्यापुढे पाठ करून बसले आणि म्हणाले, "चढ."

"नको बाबा, मी लंगडत येतो."

"चढ म्हणतो ना."

मी चढलो. बाबा उठले. एकदाही न कण्हता मला पाठीवर घेऊन वावराच्या कडेनं, धुऱ्यानं चालायला लागले. बऱ्याच वेळानं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"बाबा, तुमचा खांदा?"

बाबा चालत राहिले.

"बाबा."

"कोणता?" ते म्हणाले. मग जरा थांबले, मला वर सरकवून नीट घेतलं. "अरे, थे दुनाळी पाहून पाहून कंटाळलो होतो मी. जवानीपासून थेच एक. नवी घेतो म्हटलं असतं, त तुया आईनं घेऊ देली असती काय?"

"मी रडलो होतो बाबा!"

"हाव. वर्षानं सांगतलं. मी खरं सांगाले आलतो तुले. पण तू थो गोरा माणूस पाहत बसला होता. म्हटलं, पोरगं इतकं मन लावून करून राह्यलं मायासाठी. कायले मोडता घालू?"

मला राग यायला हवा होता. पण माझी हनुवटी त्याच खांद्यावर टेकलेली होती, आणि तो खांदा होता तसाच दगड होता. इतके दिवस छातीत धरून ठेवलेलं सगळं तिथेच सुटलं. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. फसवा, म्हटलं, आणखी वीस वर्षं असंच फसवत राहा.

"आईले सांगू नोको," बाबा म्हणाले.

तेवढ्यात रस्ता लागला. शेजारची शेवंताकाकू डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती. आम्हाला पाहून ती थबकली.

"काय झालं जी? एवढ्या मोठ्या पोराले पाठीवर काऊन घेतलं?"

"काई नाई व," बाबा म्हणाले. "हलक्यातली हलकी बंदूक पाहून आणली, तरी पेलली नाई याले."

काकूनं माझ्याकडे पाहून हळहळत मान हलवली. मीही बाबांच्या पाठीवरून मान हलवली, कारण आईलाही आता हेच सांगायचं होतं.