काढा की

‘चपला काढ.’

कॅमेऱ्यावरचा डोळा न हलवता तो माणूस म्हणाला. मी चौथीत होते. कवठे महांकाळपासून एसटीनं पाऊण तास आत आमचं गाव. शहरातून साहेबलोक गरीब मुलांना चपला वाटायला आले होते. खोकी भरून चपला. गुरुजींनी नावं वाचलीच नाहीत. नुसता हात केला आणि बौद्धवाड्यातली आम्ही आठ पोरं उठून रांगेत उभी राहिलो.

माझ्या पायात चपला होत्या. लाल, बक्कलवाल्या. आठच दिवसांपूर्वी आबानं, म्हणजे माझ्या बापानं, बाजारातून आणलेल्या. मी काही त्या काढेना.

‘अगं, पायात आधीच असल्या तर आम्ही काय द्यायचं?’ साहेब म्हणाले आणि हसले. सगळे हसले. गुरुजीही हसले, ते जास्त लागलं. मी चपला काढून शाळेच्या मागं ठेवल्या आणि अनवाणी येऊन उन्हात उभी राहिले. जमीन तापलेली. पाय पोळायला लागले तसं माझं तोंड वाकडं झालं. कॅमेरावाला खूश.

‘अस्सं. हलू नको.’

मिळालेल्या चपला दोन बोटं मोठ्या होत्या. घरी आल्यावर आबानं विचारलं, ‘तुझ्या कुणी काढाय लावल्या?’

‘सायबानं.’

आबा गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. हातातली थाळी खाली ठेवून तो म्हणाला, ‘जाऊ दे.’ मला त्याचा भयंकर राग आला. साहेबाचा राग यायला अजून वीस वर्षं लागायची होती.

पुढं मी शिकले. सांगलीत व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स केला, मग लग्नाच्या कॅसेटी कापायला लागले. कॅसेटी गेल्या तरी आमच्याकडं शब्द तोच. नवरीच्या आईचं रडणं कुठं कापायचं आणि पाहुण्यांचं जेवण किती ठेवायचं, हे मला झोपेतही सांगता येईल. त्यातून साताऱ्यात एका स्टुडिओत लागले. मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणायचे. स्टुडिओला एक मोठं काम मिळालं. खेड्यापाड्यांतून फिरून खऱ्याखुऱ्या माणसांचे फोटो काढणारे जे नामांकित छायाचित्रकार आहेत, त्यांच्या कामावर आठ-आठ मिनिटांचे भाग करायचे. त्यांचे फोटो, त्यांची मुलाखत, फोटो काढताना टिपलेले आवाज, खाली संगीत. एकेका माणसाचा गौरवच म्हणा.

पहिला भाग ज्या सरांवर होता, ते आमच्याच मुलखात वर्षानुवर्षं फिरलेले. मॅडमनी काम मला दिलं. ‘तू तिकडचीच ना? तुला कळतं ते काय बोलतात. आम्हाला निम्मं समजत नाही.’ आणि वर म्हणाल्या, ‘शेवटी तुझं नाव येईल हं, संकलक म्हणून.’

दहा वर्षांत माझं नाव कुठं आलं नव्हतं. मी आबाला फोन केला. आबा म्हणाला, ‘नाव काढलंस पोरी.’ त्यानं ते अख्ख्या आळीत सांगितलं.

सरांची मुलाखत महाबळेश्वरला त्यांच्या बंगल्याच्या बागेत झाली होती. मला सगळं कच्चं चित्रण मिळालं. कच्च्यात सगळं असतं. पाहणाऱ्याला माणसाचा धुतलेला चेहरा दिसतो, एडिटरला धुण्याआधीचा. सुरुवातीला सर विचारत होते, ‘चष्मा घालू का? जरा विचारी दिसतं.’ चष्म्याला नंबर नव्हता. तो घालून ते गंभीर झाले आणि म्हणाले, ‘मी परवानगीशिवाय कॅमेरा उचलत नाही. ही माणसं फार मोकळी असतात. विचारलं की म्हणतात, काढा की!’

त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या फोटोत एक म्हातारी आहे. मागं उघडी भिंत, अंगावर फिकट लुगडं, डोळे बारीक केलेले. नाव नाही, गाव नाही. फोटोखाली लिहिलेलं, ‘डोळ्यांत शतकांची तहान’. मोठमोठ्या लोकांनी त्या डोळ्यांवर लिहिलंय म्हणे.

त्या दिवशीचे सगळे फोटो माझ्याकडं आले. एकतीस. मी ते क्रमानं लावले.

पहिल्या फोटोत म्हातारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलीय. नाकावर चष्मा, बाजूला टेबलफॅन. भिंतीवर लेकीचा नर्सच्या पोशाखातला फोटो आणि त्याच्या वर निळ्या कोटातली तसबीर. कुणाची, ते आमच्याकडं सांगावं लागत नाही. चौथ्या फोटोत फॅन गेला. सातव्यात खुर्ची गेली, म्हातारी जमिनीवर. बाराव्यात नर्स झालेली लेक गेली. मग तसबीर. शेवटी चष्मा. शतकांची तहान कसली डोंबलाची. बाईला दिसत नव्हतं, ती कॅमेरा कुठंय ते शोधत होती.

फोटोंबरोबर आवाजही होता. सरांचा आवाज, एकापाठोपाठ एक. ‘मावशी, ती खुर्ची काढा. तो फोटो काढा. ही तसबीर काढा, निळा रंग डोळ्यांत येतोय. चष्मा काढा. हां. आता फोटो काढू ना?’

मग तिचा आवाज. सावकाश.

‘काढा की. समदं काढलंसा, आता आब्रू तेवढी ऱ्हायलीया. ती बी काढा.’

आमच्याकडच्या ‘की’ला दोन तोंडं आहेत. ‘बसा की’, ‘घ्या की’ म्हणजे आग्रह. तेच ‘की’ दातावर दात ठेवून आलं तर समजायचं की माणूस आता भांडायच्या बेतात आहे. सर इतकी वर्षं आमच्यात फिरले आणि त्यांना एवढं कळलं नाही. का कळलं होतं? मी ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. पाय पोळल्यासारखे झाले, खुर्चीत बसल्या बसल्या.

मॅडमची चिठ्ठी आली. सरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, ते ‘परवानगी’ म्हणतात तिथं म्हातारीचं ‘काढा की’ घे, तेवढंच, पुढचं काप. दोन, गाजलेल्या फोटोत भिंतीवर तसबीर होती तिथं पांढरा चौकोन दिसतो, मोठ्या पडद्यावर खुपेल, तो घालव.

मी दोन्ही केलं.

लाज वाटते, पण केलं. दोन शब्द ठेवले, बाकीचं वाक्य कापलं. चौकोनावर आजूबाजूची भिंत ओढून घेतली. मापात, स्वच्छ, कुणाला कळणार नाही असं. मला कामच येतं तसं. मॅडमनी पाहिलं, खाली बासरी घालायला लावली, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, ‘किती गोड म्हणते ना बाई.’

गोड. तो शब्द घेऊन मी शनिवारी गावाकडं गेले.

आवाजाच्या फाइलीवर म्हातारीचं आणि गावाचं नाव होतं. आमच्यापासून तीन कोसांवर. रविवारी विचारत विचारत गेले. सोनाबाई म्हणाल्यावर पोरांनी घर दाखवलं. म्हातारी दारात त्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मटकी निवडत होती. नाकावर चष्मा. आत भिंतीवर तसबीर जागच्या जागी. मी कोण, काय काम करते ते सांगितलं आणि लॅपटॉपवर तो भाग लावला.

तिनं सगळा पाहिला. स्वतःचा आवाज आला तशी पुढं वाकली. मग बासरी सुरू झाली.

‘म्होरलं कुठंय?’

‘कापलंय.’

‘कुणी?’

‘मी.’

तिनं मटकीचं सूप खाली ठेवलं. ‘तू कुणाची गं?’

मी बापाचं नाव सांगितलं.

‘व्हय? गवंड्याकडच्या बबनची? त्येनं तुला शाळा शिकवली ती ह्ये कापाय व्हय?’

मी खाली बघत म्हटलं, ‘त्यांनी सांगितलं म्हणून केलं.’

‘मला बी त्येनंच सांगितलं. म्या बी केलं. तसबीर म्या माझ्या हातानं उतरवली, त्यो न्हाई. लेक आली, तिला म्हायती पडलं, तर म्हैनाभर बोलली न्हाई माझ्याशी.’ सूप पुन्हा मांडीवर घेत म्हणाली, ‘पर बोलले तेवढं तरी माझं व्हतं. त्ये बी तू काढून घेतलंस.’

‘मग आता?’

‘मग काय. जोड की.’

हे ‘की’ आग्रहाचं नव्हतं.

परतताना एसटीत मी स्वतःला नको नको ते बोलले. काढणं हा आमच्या अंगवळणी पडलेला शब्द. ते फोटो काढतात, चपला काढतात, आयबाप काढतात, जात काढतात. आपण निमूट काढून देतो आणि म्हणतो, जाऊ दे. चौथीत त्या साहेबानं माझ्या चपलांना हात लावला नव्हता. मीच वाकून बक्कल सोडलं होतं. साताऱ्यातही सरांनी कुठं मशीनला हात लावला? कापणारा हात माझा. आमच्यातलाच हात शोधून, त्याला शिकवून, त्यालाच कापायला बसवायचं. असली हुशारी यांच्याकडं पिढ्यान् पिढ्या आहे.

सोमवारी मी तो भाग पुन्हा बांधला. एकतीस फोटो क्रमानं. फॅन जातो, खुर्ची जाते, लेक जाते, तसबीर जाते, चष्मा जातो. ‘हे काढा, ते काढा’ सरांच्या आवाजात. शेवटी गाजलेला फोटो, पांढऱ्या चौकोनासकट. त्यावर सोनाबाईचं पूर्ण वाक्य. बासरी नाही. मग काळा पडदा आणि तिचं नाव, गाव.

सर बघायला स्वतः आले. मॅडमनी बिस्किटं मांडली होती. मी भाग सुरू केला. सातव्या फोटोला सरांनी बिस्कीट खाली ठेवलं.

‘हे तुला कुणी सांगितलं?’ संपल्यावर सरांनी विचारलं.

‘ज्यांचा आवाज आहे त्यांनी.’

‘फोटो म्हणजे रचना असते. तुला कळायचं नाही ते.’

‘मग मुलाखतीत तसं सांगा. परवानगी कशाला म्हणता?’

सर उभे राहिले. इतका वेळ आवाज मऊ होता, आता चढला. ‘हेच. तुम्हा लोकांना जरा जवळ केलं की डोक्यावर बसता. मी नसतो तर कोण बघणार होतं तिच्याकडं?’

तुम्हा लोकांना. पंधरा वर्षं आमचे फोटो काढणाऱ्या माणसानं शेवटी जात काढलीच. मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, एकदाचं कच्चं बाहेर आलं.

मॅडम मधे पडल्या. त्या कधी ओरडत नाहीत, त्यांचं काम हळू आवाजात चालतं. ‘हे बघ, भावनेच्या भरात येऊ नकोस. आधीचा भाग परत लाव. ते वाक्य काप, चौकोन घालव. पहिल्यांदा तुझं नाव येतंय. हट्ट धरलास तर मला ते काढावं लागेल.’

आबा आठवला. आळीभर सांगत फिरलेला. त्या नावाची मला हाव नव्हती असं म्हणणार नाही. होती. पोटातून होती.

‘काढा की,’ मी म्हणाले.

मॅडमचा चेहरा निवळला. ‘बघ, समजून घेतलंस. शहाणी आहेस.’ त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली.

त्यांनाही तो होकारच वाटला. मी पर्स उचलली, दाराशी चपला घातल्या आणि निघाले. मग कुठं त्यांना कळलं.

गावी आले तर आबा म्हणाला, ‘जाऊ दे.’

‘न्हाई आबा,’ मी म्हटलं. ‘तू लय येळा जाऊ दिलंस. आता न्हाई.’ त्याला वाईट वाटलं असेल. वाटू दे.

तो भाग दुसऱ्या कुणीतरी कापला. बासरी आहे, चौकोन नाही. येत्या रविवारी सांगलीत एका हॉलमध्ये तो मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. सरांचा सत्कार आहे. सोनाबाईला बोलावणं नाही. तिचं तोंड दारातल्या फलकावर चार फुटांचं लावलंय, पण तिला बोलावणं नाही.

मी तिला घेऊन जाणार आहे. तिनं चष्मा पुसून ठेवलाय, लेकही सुट्टी काढून येतेय. तसबीर आम्ही कापडात गुंडाळून बरोबर घेणार आहोत. पहिल्या रांगेत बसणार आहोत, आणि उठवलं तर उठणार नाही.

पडद्यावर ‘काढा की’ वाजेल, मग बासरी सुरू होईल. तेव्हा ती उभी राहून कापलेलं वाक्य भरल्या सभेत पुरं करणार आहे. सरांकडं तोंड करून.

तिचा आवाज पोचला नाही, तर मी म्हणेन. मला ते पाठ आहे.